ज्याचा तीर त्याची शिकार

डोंगराच्या कुशीत करंजपाडा नावाची लहानशी वस्ती होती, आणि त्या वस्तीत एक भोळा जवान होता. नाव ढवळू. अंगानं सागाच्या खांबासारखा, मनानं दुधासारखा. खोटं बोलायचा नाही, कुणाचं वाईट चिंतायचा नाही, सांगितलेलं काम टाळायचा नाही. घोळ तिथंच होता. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा.

आई म्हणायची, "ढवळू, दाराकडं बघ रे, मी पाण्याला जाऊन येते." ढवळू दाराकडं बघत बसायचा. मागच्या कुडातून कुत्रं शिरलं, टोपलीतली भाकरी घेऊन गेलं, तरी मान वळवायचा नाही. आई येऊन ओरडली की म्हणायचा, "दाराकडं बघ म्हणालीस ना? बघ की. दार जागेवर आहे."

ओढ्यापलीकडं उंबरपाडा. तिथं चैती नावाची पोर होती, हसरी, तिखट जिभेची. एकदा ओढ्यावर ती ढवळूला म्हणाली, "जरा थांब हं, एवढी मोळी घरी टाकून येते." गेली, आणि विसरली. दुसऱ्या दिवशी पाण्याला आली तर हा तिथंच उभा.

"आलीस?" म्हणाला. "मोळी जड होती वाटतं."

चैतीला हसू आवरेना. आणि हसता हसता जीव जडला. मैत्रिणींना म्हणाली, "गडे, ऐकणारा नवरा लोकांना शोधून सापडत नाही. मला तर उभा सापडला."

आता चैतीचा बाप. त्याचं नाव लाडक्या, पण नावावर जाऊ नका. मिशा अशा की लेकरं बघून रडायची. त्यानं ढवळूच्या आईला सांगून टाकलं, "आमच्या घरात नेम धरणाराच जावई येतो. डुकरं सगळी नाचणी खाऊन जातात, मला भोळा जावई काय चाटायचा? होळीच्या शिकारीला पाठव त्याला. डुकरात त्याचा तीर बसला तर चैती त्याची. नाही बसला तर आंब्यापाड्याचा भुऱ्या तयारच आहे."

झालं. ढवळूला खाल्लेला घास गोड लागेना. त्यानं आयुष्यात कधी कामठा धरला नव्हता. कामठा म्हणजे आपलं धनुष्य, बरं का.

आईनं आपल्या भावाला बोलावलं. कान्हू मामा. म्हातारा मोठा तिरंदाज होता. उडत्या पाखराचं कुठलं पीस पाडायचं ते आधी सांगून पाडायचा. असं तो स्वतःच सांगायचा.

मामानं बापजाद्यांचा कामठा आणि तिरांनी भरलेला भाता ढवळूपुढं ठेवला.

"भाच्या, आधी तीर निवडायला शिक. डोळ्याशी धर, टोकापर्यंत बघ. सरळ असला तर ठेव. वाकडा दिसला तर विस्तवावर शेक आणि दाबून सरळ कर. शिकाऱ्याच्या घरात वाकडं काही ठेवायचं नसतं."

"कळलं मामा," ढवळू म्हणाला.

ढवळू 'कळलं' म्हणाला की त्याची आई देवाला हात जोडायची.

मामा रानात गेला. ढवळूनं एकेक तीर डोळ्याशी धरला. सगळे सरळ. मग कामठा डोळ्याशी धरला. अरे बापरे! हा तर केवढा वाकडा! ढवळूनं विस्तव फुलवला, कामठा चांगला शेकला आणि जात्याखाली दाबून ठेवला. मग आईचा विळा दिसला, तोही वाकडा. तो लाल करून ठोकून सरळ केला. मग कुत्र्याच्या शेपटाला हात घातला. कुत्रं जे पळालं ते होळीपर्यंत घरी आलं नाही.

मामा परत आला. जात्याखाली बघतो तर कामठ्याची काठी झालेली.

"अरे माझ्या बापजाद्यांचा कामठा!"

"झाला सरळ, मामा. फारच वाकला होता. एवढी वर्षं घरात कुणाचं लक्ष कसं गेलं नाही?"

मामा खाली बसला. पाणी प्याला. म्हणाला, "अरे येड्या, वाकण्यातच तर त्याचं बळ! वाकलेलं तेच कामाचं, ताठ ते फुकट. ध्यानात ठेव."

"कळलं मामा."

मामानं नवा कामठा केला, आणि ढवळूला तिरांसाठी बांबूच्या काड्या तोडायला पाठवलं. संध्याकाळी ढवळू भारा घेऊन आला. बघावं तर एकही काडी धड नाही. एक नागासारखी, एक कोंबडीच्या पायासारखी, एक तर वळून स्वतःच्याच शेंड्याला भेटलेली.

"सरळ फार होत्या," ढवळू घाम पुसत म्हणाला. "त्यातून ह्या शोधायच्या म्हणजे जीव गेला. ताठ सगळ्या फुकट म्हणून टाकून दिल्या."

मामानं त्यातल्या त्यात बऱ्या काडीला पातं लावलं आणि सोडून बघितली. तीर निघाला, चिंचेच्या झाडाला वळसा घातला, आणि मामाच्याच कोंबडीला घासून माघारी आला. कोंबडी वाचली. पण त्या दिवसापासून अंडी द्यायची सोडली.

"कामठा वाकडा!" मामा ओरडला. "तीर सरळ! कामठा वाकडा, तीर सरळ! आणि ऐक, तिराचं पुढचं टोक जड पाहिजे, मागचं हलकं. बोटावर तोलून बघायचा. पुढं कलला की समजायचं, हा नाकासमोर जाणार. पुढं जड नसलेली वस्तू मुक्कामाला पोचत नाही."

"कळलं मामा."

दुसऱ्या दिवशी आईनं कावड भरली. एका मडक्यात ताडी, एका मडक्यात मध, लाडक्याला भेट म्हणून. "नीट पोचव रे बाबा. आपलं काम आहे."

ढवळूनं कावड खांद्यावर घेतली. तोलून बघितली. दोन्ही बाजू सारख्या! ही कशी मुक्कामाला पोचणार? त्यानं मागच्या मडक्यातला मध सगळा पुढच्या ताडीत ओतला. पुढचं मडकं काठोकाठ, मागचं रिकामं. कावड पुढं कलायला लागली तशी त्यानं मागचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढून धरलं, आणि तसाच वाकडातिकडा होत उंबरपाड्याला पोचला.

अंगणात लाडक्या मिशांना तेल लावत बसला होता. मोठ्या माणसाला बघून हात जोडायचे असतात. ढवळूनं हात जोडले.

पुढचं मडकं धाडकन खाली आपटलं. मागचं मडकं सुटलं, आभाळात गेलं, गर्रकन फिरलं आणि थेट लाडक्याच्या डोक्यात येऊन बसलं. गळ्यापर्यंत. रिकामं होतं म्हणून निभावलं.

"राम राम," ढवळू म्हणाला.

मडक्यातून आवाज घुमला, "कोण तो गाढव?"

"मी ढवळू."

"गाढवा! कावडीची दोन्ही टोकं सारखी लागतात, एवढं कळत नाही? जे ह्या टोकाला तेच त्या टोकाला!"

"कळलं, बाबा."

चैती दाराआड लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसत होती. ढवळूला वाटलं, पोरीला ढास लागली. बिचारा तिच्यासाठी पाणी घेऊन गेला.

घरी येऊन त्यानं भाता उचलला आणि लोहाराकडं गेला.

"लोहारदादा, माझ्या सगळ्या तिरांना दोन्हीकडं पाती लाव."

"दोन्हीकडं? अरे, मागं पिसं लावतात."

"होणाऱ्या सासऱ्यानं सांगितलंय. जे ह्या टोकाला तेच त्या टोकाला."

लोहाराला काय, त्यानं लावली. सकाळी ढवळूनं मामासमोर तीर चढवला, दोरी ओढली. मागचं पातं दोरीला लागलं, दोरी खटकन तुटली. कामठा उसळून ढवळूच्या हनुवटीवर बसला आणि तीर दोघांच्या मध्ये पडला. दोन्हीकडून धारेचा. उचलावा कुठून तेही कळेना. दोघं बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

"मामा, शिकार अवघडच असते," ढवळू म्हणाला.

मामानं चिकाटी सोडली नाही. बहिणीचा एकुलता एक लेक. त्यानं मागची पाती काढली, पिसं लावली, बांधावर एक भोपळा ठेवला.

"आता नेम. एक डोळा मिट. दम कोंड. हलू नको, बोलू नको. निशाणावरची नजर ढळू देऊ नको, मग जग बुडालं तरी चालेल."

"कळलं मामा."

आणि काय सांगू! तीर सुटला तो भोपळ्यात. दुसरा सुटला तोही भोपळ्यात. मामानं डोळे चोळले. पोराचा हात खरंच चांगला होता. देवानं हात देताना घाई केली नव्हती. डोकं देतानाच कुणीतरी हाक मारली असावी.

मामाला वाटलं, जमलं. आईला वाटलं, जमलं. तेवढ्यात लाडक्याच्या घरून जेवणाचं आवतण आलं. सासूला होणारा जावई बघायचा होता.

आई म्हणाली, "ढवळू, उगाच इकडंतिकडं बघू नकोस हं. सासूबाई समोर आल्या की त्यांच्याकडंच नीट बघ."

नीट कसं बघायचं ते ढवळू कालच शिकला होता.

पान मांडलं. सासू भाकरी घेऊन समोर आली. ढवळूनं एक डोळा मिटला. दम कोंडला. सासूवर नजर लावून बसला.

"वाढू का अजून?"

ढवळू गप्प. एक डोळा मिटलेला.

"अहो, ऐकलं का?" सासू तिथूनच नवऱ्याला ओरडली. "हा मेला मला डोळा घालतोय!"

लाडक्या दांडकं घेऊन धावला. ढवळू हलला नाही. तोंड आधी लाल झालं, मग जांभळं झालं, मग पिकल्या करवंदासारखं काळं पडायला लागलं. लाडक्याचं दांडकं वरच्या वर राहिलं. मरणाऱ्याला मारायचं कसं?

चैती धावत आली आणि तिनं त्याच्या काखेत बोट खुपसलं. कोंडलेला दम असा सुटला की परातीतलं सगळं तांदळाचं पीठ उडालं. लाडक्या पांढरा, सासू पांढरी. लाडक्याच्या मिशा तेवढ्या ओळखू येत होत्या.

"अरे टोणग्या!" लाडक्या शिंकत म्हणाला. "कुणाच्याही समोर गेलं की दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. आधी राम राम घालावा. बरं आहे का विचारावं, पोराबाळांची चौकशी करावी. मग पुढचं. कुणी शिकवलं नाही तुला?"

"आता कळलं, बाबा," ढवळू म्हणाला.

होळी आली. दोन्ही पाड्यांची, आंब्यापाड्याचीही माणसं रानाच्या तोंडाशी जमली. लाडक्या काळी घोंगडी पांघरून आला. भुऱ्या आला, छाती पुढं काढून. म्हणाला, "ढवळू, चैतीला निरोप दे, हळद दळून ठेव म्हणावं." ढवळू निघालाच होता निरोप द्यायला. मामानं मानगूट धरून थांबवलं.

पाड्याचा म्हातारा कारभारी दगडावर उभा राहिला. फार रीतीचा माणूस. शिंक आली तरी रीत काय आहे ते आठवून शिंकायचा. तेव्हा प्रत्येकाच्या तिरावर आपापली खूण असायची. कुणाची चीर, कुणाचा काळा पट्टा. ढवळूच्या तिरांना मामानं लाखेचं लाल कडं केलं होतं.

कारभारी म्हणाला, "ऐका रे. ज्याची खूण अंगात, शिकार त्याची. कुणी उठवली, कुणी पाहिली, कुणी धरली, ते विचारायचं नाही. बांबूला बांधायची आणि खूणवाल्याच्या दारात न्यायची. डोकं त्याचं, एक मांडी देवाची, बाकी वाटे सगळ्यांचे. आणि आपली खूण नसलेलं कुणी घरी नेलं, तर त्याला देव विचारील."

"कळलं," ढवळू म्हणाला.

कान्हू मामानं कपाळाला हात लावला.

हाकारे सुरू झाले. ढोल वाजले, डबे वाजले, पाचोळा खसखसला. आणि सगळ्या रानातून वाट काढत एक थोरलं डुक्कर नेमकं ढवळूच्या पुढ्यात येऊन ठेपलं. हे सुळे! एवढ्या जवळ की आंधळ्यानं तीर सोडला तरी चुकला नसता.

"सोड!" मामा ओरडला.

ढवळूनं दोन्ही डोळे उघडले. कामठा काखेत मारला. हात जोडले.

"राम राम. बरं आहे ना? पोरंबाळं काय म्हणतात?"

डुक्कर जागच्या जागी थांबलं. आजवर त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं ढवळूकडं बघितलं, जरा विचार केला, आणि जे उधळलं ते थेट भुऱ्याच्या दोन पायांमधून. भुऱ्या उचलला गेला आणि डुकराच्या पाठीवर उलटा बसला. त्याला तीर काही मारता येईना, कारण दोन्ही हात डुकराच्या शेपटात गुंतले होते. डुक्कर गेलं, भुऱ्या गेला. "आई गंऽ" तेवढं मागं राहिलं, तेही हळूहळू डोंगरापलीकडं गेलं.

मामा केस उपटायला लागला. "अरे, डुकराची कसली चौकशी करतोस! शिकारीत राम राम नसतो! झुडपामागं काळं दिसलं, फुरफुर ऐकली, की बोलायचं नाही, विचारायचं नाही, तीर सोडायचा!"

"कळलं मामा."

इकडं लाडक्या करवंदीच्या जाळीमागं, एका सागाला टेकून बसला होता. डुक्कर आपल्याकडं येईल म्हणून बसला होता, तोंडानं मात्र जावयाची परीक्षा बघतोय असं सांगत होता. अंगावर काळी घोंगडी. बसल्या बसल्या त्यानं तपकिरीची चिमूट नाकात ओढली.

फुर्रर्र.

ढवळू बोलला नाही. विचारलं नाही. एक डोळा मिटला, दम कोंडला आणि तीर सोडला.

तीर घोंगडीतून आरपार गेला आणि सागात रुतला. लाडक्याला ओरखडासुद्धा नाही, पण घोंगडी झाडाला खिळली आणि घोंगडीत लाडक्या. त्यानं जो आवाज काढला, तो ऐकून हाकाऱ्यांना वाटलं, डुक्कर आहे आणि चांगलं मोठं आहे.

सगळे धावत आले. बघतात तो काय! हसून हसून लोक जमिनीवर लोळायला लागले. सोडवायला उभं राहील असा एक माणूस राहिला नाही. कारभारी तेवढा हसला नाही. तो पुढं गेला, तीर निरखून बघितला.

"लाल कडं. खूण ढवळूची."

"अरे, मी माणूस आहे!" लाडक्या ओरडला.

"रीतीत जनावर की माणूस असं काही सांगितलेलं नाही," कारभारी म्हणाला. "रीत मी केली नाही."

ढवळूचा आनंद गगनात मावेना. पहिली शिकार! आणि केवढी! त्यानं लाडक्याला घोंगडीत गुंडाळलं, बांबूला बांधलं. पुढून ढवळू, मागून कारभारी, मध्ये लाडक्या झोके घेतोय, अशी मिरवणूक करंजपाड्याला निघाली. मागून ढोल. वाटेत उंबरपाड्याच्या बायका दिसल्या, त्याही निघाल्या. सासूही निघाली, चैतीही.

आई दारात आली. "अरे देवा! काय आणलंस हे?"

"सासरा," ढवळू म्हणाला. "डोकं आपलं, एक मांडी देवाची. मोठं पातेलं काढ. आणि वाटे घालायला कुणाला तरी कोयता आणायला सांग."

लाडक्याच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या. "ढवळू! माझ्या राजा! वाटे घालू नको रे! चैती देतो तुला! आत्ता देतो, ह्या बांबूवरूनच देतो! घेऊन जा!"

आईनं हात जोडले. मामानं डोळे मिटले. एवढ्या दिवसांची खटपट, ती इथं दारात येऊन फळाला आली होती. नुसतं हो म्हणायचं.

ढवळूनं चैतीकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. मग मान हलवली.

"नको."

"नको?" आई किंचाळली.

"तिच्यात माझा तीर नाही. आपली खूण नसलेलं घरी न्यायचं नाही. देव विचारतो."

आई मटकन खाली बसली. मामा तिच्या शेजारी बसला. कारभारी म्हणाला, "पोरगा बरोबर बोलतोय."

आता चैती पुढं आली. ढवळूच्या भात्यातून एक तीर ओढला आणि फूल खोवावं तसा आपल्या अंबाड्यात खोवला. मग त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"बघ आता."

ढवळूनं वाकून बघितलं. ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"लाल कडं. खूण माझीच."

"मग मी कुणाची?"

"माझी," ढवळू म्हणाला, आणि इतका हसला की त्याचे कान हलले.

"आणि वाटेबिटे काही नाहीत," चैती म्हणाली. "माझे नाहीत आणि बाबांचेही नाहीत. घरातल्या शिकारीला कोयता लावायचा नसतो."

"कळलं," ढवळू म्हणाला.

झालं, तिथंच लग्न लागलं. ढोल होतेच, माणसं होतीच. जेवण झालं, आणि चैती म्हणाली, "आता बाबांना सोड. त्यांना घरी जाऊ दे."

ढवळूनं दोऱ्या सोडल्या. पण लाडक्या फाटकाकडं निघाला तसा हा आडवा झाला.

"कुठं? घर हे. तीर माझा, शिकार माझी. माझ्या दारातली शिकार परत रानात सोडायची, असं कारभाऱ्यांनी कुठं सांगितलं?"

कारभाऱ्यानं पुष्कळ डोकं खाजवलं. रीत आठवून आठवून बघितली. तसं खरंच कुठं नव्हतं.

मग त्यानं सासूला विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

सासू म्हणाली, "राहू दे तिथंच. घोरतो फार."

तेव्हापासून लाडक्या करंजपाड्याला राहिला. ढवळू त्याला वेळेवर जेवू घालायचा, हिवाळ्यात दोन घोंगड्या द्यायचा, आणि पाहुणे आले की त्याला अंगणात बसवून अभिमानानं दाखवायचा. जावयाला घरी ठेवून घेतलेलं लोकांनी पुष्कळ पाहिलं होतं. सासऱ्याची शिकार करून त्याला घरी आणलेलं, हे पहिलंच.